पालथ्या मॅडमची बाटली

त्यांना पाण्याचा पेला दिला की त्या आधी तो खिडकीकडे धरून पाहत, मग पाणी जवळच्या कुंडीत ओतत आणि पेला टेबलावर पालथा घालून ठेवत. हे आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये घडे तेव्हा फार तर शिपाई दुखावत असे. पण एका स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांचा पेला त्यांच्या हाती लागला. पाहुणे कुठल्याशा खात्याचे माजी उपमंत्री होते आणि पाण्याचं महत्त्व या विषयावर बोलायला उठण्याच्या बेतात होते. मॅडमनी तो पेला त्यांच्या समोरून उचलला, मांडवाच्या उजेडात फिरवून पाहिला, "आतून बोटं उमटलीत," असं माइकला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगितलं आणि पाणी झेंडूच्या कुंडीत ओतून पेला पाहुण्यांसमोर पालथा घातला. पाहुण्यांनी भाषण कोरड्या घशाने केलं, त्यामुळे ते आटोपशीर झालं. मॅडमनी कॉलेजवर केलेला निर्विवाद असा तेवढा एकच उपकार मला तेव्हा मान्य होता.

या रसायनशास्त्राच्या विभागप्रमुख. मुलं त्यांना पालथ्या मॅडम म्हणत, आम्हीही म्हणत असू, आणि त्यांना ते माहीत होतं. त्या स्वतः कुणालाच नावाने हाक मारत नसत. माणसाला त्याच्या विषयाने ओळखायचं अशी त्यांची पद्धत होती. "भूगोल, तुमचा स्टोव्ह बंद करा." "वाणिज्य, तुमची मुलं माझ्या पोर्चमध्ये थुंकतात." मी इतिहास. मला त्या आवडत नसत. मीही त्यांना आवडत नसे. या एका मुद्द्यावर आमचं अनेक वर्षं पूर्ण एकमत होतं.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मॅडमना पावसाचा नाद लागला. भिवंडीत पाऊस पडतो म्हणजे नक्की काय पडतं, हे त्यांना पाहायचं होतं. गावभर लूम चालू, मधूनमधून कापड रंगवणाऱ्या डाईंगची धुराडी, त्यांच्या भट्ट्यांत कोळशाबरोबर जुने टायर. तेव्हा आकाशातून येणारं पाणी आकाशात होतं तसंच खाली येत असेल, यावर विश्वास ठेवायला त्या तयार नव्हत्या. शंका रास्त होती. पण त्या शंकेपायी प्रयोगशाळेचं मोरीघर झालं. पाऊस पकडण्याआधी बाटल्या धुवायच्या, आणि बाटल्या धुणं हे मॅडमच्या हिशेबी विज्ञानाचं निम्म्याहून अधिक काम होतं. नव्याकोऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आधी रात्रभर सौम्य आम्लात बुडवायच्या. मग नळाच्या पाण्याने, मग डिस्टिल्ड वॉटरने विसळायच्या. शेवटचं विसळलेलं पाणी तपासायचं. ते जसं आत गेलं तसंच बाहेर आलं, तर बाटली पास. नाहीतर पुन्हा आम्लात. साबण नाही. घासणी नाही. फडक्याने पुसणं तर नाहीच. स्वच्छ प्लॅस्टिकवर पालथ्या घालून निथळू द्यायच्या आणि तोंडाला बोट न लावता बूच लावायचं. एका मुलीने घाईत बाटलीचं तोंड ओढणीला पुसलं. तिला त्या ओढणीचा कापूस, रंग, खळ आणि घाम यांची यादी ऐकवण्यात आली. ती रडली. मॅडम म्हणाल्या, "बाटलीपासून लांब रड. त्यात मीठ असतं."

त्यांचं एक वाक्य मात्र मला तेव्हाही खोडता आलं नाही. "धुणं म्हणजे वस्तू चकचकीत करणं नव्हे," त्या मुलांना सांगत. "आपण तिथे होतो याचा मागमूस काढून टाकणं म्हणजे धुणं." इतिहासाच्या माणसाला हे ऐकून अस्वस्थ वाटतं. आमचा सगळा धंदाच मागमुसावर चालतो.

आमच्यातले एक भौतिकशास्त्राचे गृहस्थ विनोदी म्हणून प्रसिद्ध होते, म्हणजे स्वतःच्या विनोदाला ते स्वतः आधी हसत. ते एकदा म्हणाले, "मॅडमच्या बाटल्या म्हणजे अगदी सोवळ्यातल्या हो." सगळे हसले. मॅडमनी डबा खाता खाता झाकण लावलं.

"सोवळं म्हणू नका."

"अहो, गंमत केली."

"सोवळ्यात माणूस मळका ठरतो. इथे हात मळका असतो. तुमचा, माझा, कुणाचाही. हा फरक तुमच्या विषयात शिकवत नसतील." आणि त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा उघडलं.

मॅडमचं आडनाव सांगितलं की आमच्या आळीत पुढचा प्रश्न विचारावा लागत नसे. त्यांच्या घराने बौद्ध धर्म स्वीकारला होता, वडील नगरपालिकेच्या नोकरीत होते, आणि हे लपवण्याची किंवा मिरवण्याची त्यांना गरज वाटत नसे. आमचं घर आळीतलं जुनं, तीन पिढ्या कारकून आणि मास्तर पुरवणारं. आमच्याकडे लूम नव्हती, पैसा नव्हता. सोवळं मात्र भरपूर होतं. ते सगळं आईच्या ताब्यात होतं.

आमच्या गच्चीमागेच एका डाईंगचं धुराडं होतं. धुराडं कसलं, कंटाळून अर्ध्यात सोडल्यासारखा एक लोखंडी नळ होता. त्यातला धूर वर जाण्याची तसदी न घेता सरळ आमच्याकडे येई. दोरीवरच्या धोतरांना भोकं पडत. ते चाललं असतं. पण अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दमा होता. डॉक्टरांनी एक दिवस सांगून टाकलं की यांना इथून हलवा. अण्णांना वज्रेश्वरीला आत्याकडे ठेवावं लागलं. निवृत्त हेडक्लार्क, सकाळी तीन वर्तमानपत्रं लागणारा माणूस; त्यांना तिथे दुपारच्या एसटीने एक शिळं वर्तमानपत्र मिळे. त्यांचं पहिलंच पत्र आलं: "येथेही गंधकाचा वास आहे. भिवंडीत तो धुरातून येत असे, येथे गरम पाण्याच्या कुंडातून येतो. फरक इतकाच की येथे लोक त्याला नमस्कार करतात. मला घरी कधी नेता?"

अण्णांना घरी आणायचं तर धुराडं हलायला हवं होतं, निदान उंच तरी व्हायला हवं होतं. आळीने त्यासाठी एक समिती काढली. समितीला अध्यक्ष मिळाले. अध्यक्ष पुढच्या निवडणुकीला उभे राहणार होते आणि त्यांना धूर मनापासून आवडत होता, कारण तो सगळ्यांना दिसतो. प्रदूषणाच्या खात्याचे एक साहेब पाहणीला येतील असं त्यांनी ठरवून घेतलं. साहेबांनी कळवलं की धोतराची भोकं पुरावा धरता येत नाहीत. काहीतरी मोजलेलं दाखवा. म्हणून मी मॅडमकडे गेलो. वज्रेश्वरीचं पत्र खिशात होतं.

"काय इतिहास, तुमच्या गच्चीवर पाऊस पडतो ना?" त्यांनी विचारलं.

"पडतो."

"मग बाटली ठेवते. माणूस कोण?"

माणूस लागे, कारण बाटली आणि तिच्यावरचं नरसाळं आधीपासून उघडं ठेवून चालत नसे. कोरडी धूळ आत बसते. पाऊस सुरू झाला की वरचं प्लॅस्टिक काढायचं, थांबला की बूच लावायचं. अशी माणसं त्यांनी गावाबाहेर मानकोलीला आणि कोनलाही गाठली होती आणि त्यांच्याशी त्यांचं रोज भांडण होई. कोनच्या शाळेतल्या गुरुजींनी नरसाळ्यावर नवंकोरं मांजरपाट बांधलं होतं. मॅडमनी ते पाहिलं तेव्हा मी बरोबर होतो.

"हे काय बांधलंय?"

"कचरा पडत होता ना मॅडम. म्हणून गाळून भरला पाऊस."

"मला कचऱ्यासकट हवा होता."

"हात न्हाय लावला पण," गुरुजी म्हणाले. "तुमी सांगितलेलं. अजिबात हात न्हाय लावला."

मांजरपाटाची सगळी खळ बाटलीत उतरली होती. मॅडमनी तिथेच बाटली ओतली. मानकोलीच्या चहावाल्याने तर त्यांना सल्लाच दिला: "मॅडम, बारिश का पानी चाहिए तो बालटी लगाओ ना, बोतल में कितना आएगा?" त्याला त्यांनी हिंदीत सुनावलं. त्यांची हिंदी मराठीपेक्षा सौम्य नव्हती.

आमच्याकडे माणूस म्हणजे आई. मी कॉलेजात, अण्णा वज्रेश्वरीला. मॅडम बाटली घेऊन पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा आईने त्यांना खुर्ची दिली आणि चहा आणला. चहा हिरव्या रेघेच्या कपात होता. हा कप आमच्या खिडकीत वेगळा असे. तो कुणासाठी असतो हे घरात कुणी कधी बोललं नव्हतं, म्हणून सगळ्यांना पाठ होतं. कुणी त्यातून पिऊन गेलं की आई तो वेगळा धूत असे आणि वरून पिळलेल्या लिंबाची साल फिरवत असे. वास राहतो म्हणे.

मॅडमनी कपाकडे पाहिलं. नंतर खिडकीकडे पाहिलं, जिथे त्याची गोल जागा रिकामी दिसत होती.

"मी कामावर असताना काही घेत नाही," त्या म्हणाल्या. "हात खराब होतात."

मग त्यांनी आईला सगळं समजावलं. आईने मान डोलावली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली ती बाटली आणि नरसाळं गच्चीच्या जिन्यात राहिलं.

गणपती गेले आणि पाऊस दडी मारून बसला. आठवडाभर नुसता धूर. मग एका दुपारी सर आली, आईने वर जाऊन प्लॅस्टिक काढलं, आणि दुसऱ्या दिवशी मी बाटली पिशवीसकट प्रयोगशाळेत नेली. अध्यक्षांना कुणकूण लागली होती. तेही दोन कार्यकर्ते घेऊन हजर. मॅडमनी पाण्याचे थेंब निळ्या लिटमस कागदावर टाकले. कागद लाल झाला. त्यांनी यंत्रावर पाहिलं, पुन्हा पाहिलं. कोनच्या, मानकोलीच्या, कॉलेजच्या गच्चीवरच्या बाटल्यांत असं काही नव्हतं. आपल्याकडची धूळच पावसातलं बरंचसं आम्ल मारून टाकते, असं त्या आधी सांगत होत्या. पण हे पाणी सरळसरळ आंबट होतं.

"ॲसिड!" अध्यक्ष म्हणाले. हा शब्द त्यांनी लग्नाची बातमी सांगावी तसा उच्चारला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "अजून एक चाचणी आहे."

पण अध्यक्ष कुठले थांबायला. संध्याकाळी रिक्षावर भोंगा लागला आणि आळीआळीतून सांगण्यात आलं की भिवंडीत तेजाब बरसत आहे. मी त्याच दिवशी वज्रेश्वरीला कार्ड टाकलं, की अण्णा, सामान बांधायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला बोलावून घेतलं. त्यांच्यासमोर काचेच्या दोन नळ्या होत्या. "धुरातलं गंधक पाण्यात उतरलं की त्याचं जे आम्ल होतं, त्यात हे बेरियमचं द्रावण टाकलं की पाणी दुधासारखं होतं," त्या म्हणाल्या. एका नळीत त्यांनी प्रयोगशाळेतलं आम्ल घेतलं होतं. थेंब पडताच ती पांढरीफेक झाली. दुसऱ्या नळीत आमच्या गच्चीवरचं पाणी. थेंब पडले. काही झालं नाही. आरपार दिसत होतं.

"आंबट आहे आणि गंधक नाही," मॅडम म्हणाल्या. "हा पाऊस नव्हे. सरबत आहे."

त्यांचं बोलणं नेहमी असंच असे, तेव्हा मी ते टोमणा म्हणून घेतलं. "म्हणजे काय?"

"म्हणजे ही बाटली मोजायची नाही."

"मॅडम, एक बाटली मोजली तर काय बिघडतं? धूर तर खरा आहे. धोतरांची भोकं खरी आहेत."

"तुमच्याकडे खोटं कागदपत्र निघालं तरी चार जण त्यावर पुस्तक लिहितात. माझ्याकडे पाण्याचं दूध होतं किंवा होत नाही."

"आणि अण्णा?"

"अण्णांना वज्रेश्वरीला राहू द्या," त्या म्हणाल्या. "तिथे धूर नाही."

त्यानंतर त्या आमच्या घरी जाऊन आल्या, मी नसताना. आईला काही विचारायचं होतं म्हणाल्या. आईला मी विचारलं, तर ती म्हणाली, "बाटलीचं काहीतरी होतं. मला काय कळतंय त्यातलं." मी पुढे विचारलं नाही. मी फार रागात होतो.

साहेब आले. नगरपालिकेच्या शाळेत सभा भरली. साहेबांना शाल, डाईंगच्या शेठना पुढची खुर्ची, अध्यक्षांना माइक, असं सगळं यथासांग झालं. अध्यक्षांनी अर्धा तास आम्लाचं वर्णन केलं. मग साहेब म्हणाले, "प्रत्यक्ष तपासणी ज्यांनी केली त्या बाईंना बोलू द्या." मॅडम उठल्या. बाटली त्यांच्या हातात होती, रिकामी.

"ही बाटली धरू नका," त्या म्हणाल्या.

"का?"

"धुण्यात चूक झाली आहे. आतल्या आम्लात गंधक नाही. ते पावसातून आलेलं नाही."

"चूक कोणाची?" साहेबांनी विचारलं.

मॅडम क्षणभर थांबल्या. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. मला वाटलं, लाज वाटली असेल.

"धुणं माझ्या खात्याचं आहे," त्या म्हणाल्या. "चूक माझी धरा."

सभेत गलका झाला. अध्यक्षांनी माइकवर हात ठेवून, पण पुरेसा न ठेवता, विचारलं की शेठकडून किती मिळाले. आणि मागच्या रांगेतून, आमच्याच आळीतल्या एका माणसाचा आवाज आला: "यांच्याकडे धुवायला दिल्यावर दुसरं काय होणार."

ते सगळ्यांनी ऐकलं. मॅडमनीही ऐकलं. त्यांनी हातातली बाटली टेबलावर पालथी घातली आणि त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी शेठच्या माणसाने कॉलेजात पेढ्यांचा पुडा पोचवला. तो पुडा पायरीवर पालथा पडलेला मी स्वतः पाहिला आणि कुत्री जमलेली पाहिली. तरी गावात वर्षभर बोललं जात होतं की मॅडमनी पेढे खाल्ले. मीही त्यांच्याशी वर्षभर बोललो नाही. त्यांना याचा काही त्रास झाल्याचं दिसलं नाही. अण्णांचं पत्र आलं: "सामान सोडले. आत्या म्हणते, आता कुंडात स्नान सुरू करा. इतका नास्तिक असूनही देव मला सोडत नाही."

पुढल्या वर्षी गणपतींनंतर पाऊस पुन्हा लांबला. एका रविवारी सकाळी दार वाजलं. दारात मॅडम, एका हातात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, दुसऱ्या हातात बाटली आणि नरसाळं. मी दार पूर्ण उघडलं नाही.

"तुमच्याकडे काम नाही, इतिहास," त्या म्हणाल्या. "काकूंकडे आहे."

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आली. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. दोघींच्याही चेहऱ्यावर पाहुणचार नव्हता.

"काकू, मागच्या वर्षी लिंबू फिरवलंत. या वर्षी काय फिरवणार?"

"मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं," आई म्हणाली. "तुम्ही विचारलंत, मी सांगितलं. लपवलं नाही."

"म्हणून तर पुन्हा आले."

"कसलं लिंबू?" मी विचारलं.

आईने ते कोशिंबिरीची कृती सांगावी तसं सांगितलं. प्लॅस्टिकला वास येत होता. म्हणून बाटली आणि नरसाळं आतून लिंबाच्या फोडीने पुसून घेतलं, वर थोडं पाणी फिरवलं. सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. त्या बाटलीला कसलाही वास नव्हता. इतकं विसळल्यावर प्लॅस्टिकलाही स्वतःचा वास उरत नाही, हे मी प्रयोगशाळेत पाहिलं होतं. माझी नजर खिडकीतल्या हिरव्या रेघेच्या कपाकडे गेली. बाटली कुणाच्या हातून घरात आली होती, एवढाच तिचा वास होता.

आणि मॅडमना हे सभेच्या आधी माहीत होतं. साहेबांनी चूक कोणाची विचारलं तेव्हा, मागच्या रांगेतून तो आवाज आला तेव्हा, त्यांनी फक्त आमच्या घराचं नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. मागच्या रांगेतल्या माणसाचं तोंड त्या एका नावाने बंद झालं असतं.

"सभेत का नाही सांगितलंत?" मी म्हणालो.

"साहेबांना पाण्यात काय आहे ते कळायला हवं होतं. तुमच्या घरात काय आहे ते नव्हे." मग आईकडे वळून, "या वर्षी तुम्ही धुवायची. माझ्यासमोर."

"मी?"

"तुमच्या हाताने धुतली की पुन्हा धुवावीशी वाटणार नाही."

आईने पदर खोचला. आम्ही तिघं मागच्या मोरीपाशी गेलो. मॅडमनी आधी तिला हात धुवायला लावले, नुसत्या पाण्याने, आणि साबणाची वडी स्वतः उचलून लांब ठेवली. मग बाटली तिच्या हातात दिली आणि कॅन तिरका केला. वरून त्यांच्या हातून पाणी यायचं आणि खाली आईच्या हातांवरून बाटलीत जायचं, असा तो प्रकार होता. आमच्या घरात असं कधी घडलं नव्हतं. आईचे हात मागे गेले.

"बुडाला धरा," मॅडम म्हणाल्या. "तोंडाला हात लावायचा नाही."

"हात न लावणं मला शिकवू नका, बाई. त्यातच माझा जन्म गेला."

"माझाही," मॅडम म्हणाल्या. "पलीकडच्या बाजूने."

शेजारच्या शेडमधल्या लूमचा खडखडाट तेवढा चालू होता. कॅन तसाच तिरका धरलेला होता आणि त्याच्या तोंडाशी पाणी थांबलं होतं. आईने बाटली पुढे केली.

"ओता," ती म्हणाली.

बाटली विसळली गेली, पालथी झाली, पुन्हा विसळली गेली. मॅडमनी शेवटचं पाणी एका कुपीत घेऊन कागदावर तपासलं, आईलाही दाखवलं. कागद बदलला नाही. "पास," त्या म्हणाल्या. आईला कुणी पास म्हणण्याची ही बहुधा पहिलीच वेळ. ती म्हणाली, "नापास कशाला होईन?"

चार दिवसांनी सर आली. आई गुडघेदुखीची, पण मला हाक न मारता जिना चढून गच्चीवर गेली, प्लॅस्टिक काढलं आणि पाऊस थांबेपर्यंत छत्री घेऊन लांब उभी राहिली. छत्रीचं पाणी नरसाळ्यात जाऊ नये म्हणून लांब. त्या पाण्यात मॅडमनी बेरियमचे थेंब टाकले तेव्हा मी समोर होतो. मागच्या वर्षी लिंबाच्या आम्लाने बेरियम अडवून धरलं, म्हणून पावसातलं गंधकही दिसलं नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. नळीत आधी एक पुसट धागा दिसला, मग धुकं, मग सगळी नळी पांढरी.

"घ्या इतिहास," मॅडम म्हणाल्या. "हे सरबत नाही."

त्या वर्षीची सभा लहान झाली. शेठच्या वकिलाने बाटलीबद्दल शंका काढली. साहेब म्हणाले, "मागच्या वर्षी याच बाईंनी स्वतःची बाटली माझ्यासमोर रद्द केली होती. तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या." वकील खाली बसला. टायर जाळणं बंद झालं आणि धुराडं उंच झालं. हाराचा मान अध्यक्षांनी स्वीकारला. न्यायाचं राज्य आलं असं मात्र समजू नका. उंच झालेल्या धुराड्यातला धूर आमच्या डोक्यावरून पुढे कोनच्या दिशेने जाऊ लागला, आणि तिथल्या गुरुजींचा निरोप आला की आता मांजरपाट न बांधता बाटली ठेवायची त्यांची तयारी आहे.

अण्णा दिवाळीच्या आधी घरी आले. आल्याबरोबर त्यांनी तीनही वर्तमानपत्रं मागवली आणि वाचून झाल्यावर म्हणाले की वज्रेश्वरीत बातम्या कमी होत्या, त्यामुळे झोप बरी लागायची. नंतर काही वर्षं ते आपल्या खाटेवर, आपल्या खिडकीशी कुरकुरत जगले. मॅडमचे आभार मानायला मी एकदा गेलो होतो. त्या म्हणाल्या, "माझे कशाला? पावसात होतं ते निघालं. नसतं निघालं तर पुन्हा वर्षभर बोलला नसतात." हे खरं होतं, त्यामुळे आमचे संबंध सुधारले नाहीत.

पुढे प्राचार्यांनी डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र काटकसरीच्या नावाखाली काढून घेतलं. माजी उपमंत्र्यांचा पेला ते विसरले नव्हते. मॅडम भांडल्या, आणि संस्थेने त्यांची बदली दूरच्या एका कॉलेजात केली. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी त्या आमच्या गच्चीवरची बाटली न्यायला आल्या.

आईने चहा केला. बाहेर आणला तेव्हा ट्रेमध्ये चार कप होते, अण्णांचा, माझा, तिचा आणि मॅडमचा, सगळे एकाच संचातले. हिरव्या रेघेचा कप खिडकीत नव्हता; तो कधी गेला हे मला माहीत नाही आणि त्याबद्दलही घरात कुणी काही बोललं नव्हतं. मॅडमनी कप उचलला. सवयीने उजेडाकडे धरला. कडेवरून नजर फिरवली. आई ट्रे हातात धरून तशीच उभी होती.

"कप नीट विसळलेला नाही," मॅडम म्हणाल्या, आणि सगळा चहा प्यायल्या. मग कप बशीत पालथा घातला, बाटली पिशवीत घातली आणि जिना उतरून गेल्या. मागे वळून पाहण्याची त्यांची पद्धत नव्हती.

संध्याकाळी आईने तो कप बाकीच्या कपांबरोबर धुतला. लिंबाची अर्धी फोड विळीजवळ पडली होती, तिथेच राहिली.

"चांगला विसळला होता मी," ती म्हणाली.